न सुटणारा बोल्ट : दोन सूत, तेराचा पाना आणि मँचेस्टरचा एक माणूस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. आज आकडे बरेच आहेत आणि बोलताना आकडे निसटतात, त्यामुळे ते इथे नीट लिहून ठेवलेत.

इतिहासाचा पॉडकास्ट म्हटलं की आपल्याला किल्ले, लढाया, तह आठवतात. आज ज्या वस्तूचा इतिहास बघायचाय, ती आत्ता या क्षणी तुमच्या गाडीखाली गंजत बसलीय. बोल्ट. त्यातही मोटरसायकलचा असा बोल्ट, ज्याचे कोपरे गोल झालेत, पाना लावला की फिरतो पाना, आणि बोल्ट मात्र जागचा हलत नाही.

मी बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्याकडे जून महिन्यात कुठल्याही गॅरेजवर जा, हे दृश्य दिसेल. पेरणी तोंडावर आलेली असते. ज्या गाडीवर बियाण्याची थैली, फवारणीचा पंप आणि घरची दोन माणसं जायची, ती गाडी स्टँडवर उभी असते. काम काय, तर ऑइल बदलायचंय. पण इंजिनच्या खालचा ऑइलचा बोल्ट निघत नाही. कुणीतरी आधी चुकीच्या पान्याने ओढलाय, मग पाइप घालून ओढलाय, मग छिन्नी लावलीय. बोल्टची किंमत म्हणाल तर दोन-चार कप चहाची. पण तो ज्या ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये बसलाय, त्याचे आटे गेले किंवा चेंबरला तडा गेला, तर खर्च हजारांत जातो. आणि पेरणीचे दोन दिवस जातात ते वेगळेच.

मग प्रश्न असा की हा बोल्ट बिघडवला कुणी?

पहिला संशयित अर्थातच गंज. आणि आमच्या जिल्ह्यात गंजाला मदत करणारी जमीन आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. विहिरीला, बोअरला पाणी लागतं ते खारट. त्याच पाण्याने गाडी धुतली जाते. मीठ असलेल्या पाण्यात लोखंड लवकर गंजतं, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. म्हणजे आट्यांच्या फटीत गंज तयार झाला की तो फुगतो आणि बोल्टला आतून आवळून धरतो. वर पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या झाकणात बसलेला असेल, तर दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बारीकशी बॅटरीच झाली. तिथे ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी पूड साचते.

पण गंजाने बोल्ट जाम होतो, त्याचे कोपरे गोल होत नाहीत. कोपरे गोल करणारा दुसराच कुणीतरी असतो, आणि तो गॅरेजच्या फळीवर टांगलेला असतो. चुकीच्या मापाचा पाना. त्याची गोष्ट जवळपास दोनशे वर्षांची आहे, आणि मध्ये एकदा ती खामगावावरून जाते.

दोन सूत म्हणजे किती?

आमच्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट मागायला जा. दुकानदार विचारतो, "किती सूत?" दोन सूत, अडीच सूत, तीन सूत. जुना सुतार, लोहार, वेल्डर, ट्रॉली बनवणारा, सगळे याच भाषेत बोलतात. एका इंचाचे आठ सूत. म्हणजे दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. तुम्ही-आम्ही शाळेत मिलिमीटर शिकलो, पण बाजारात इंच अजून जिवंत आहे, आणि तोही मराठी नाव घेऊन.

आता गंमत बघा. तुमच्या गाडीचा ८ मिलिमीटरचा बोल्ट रस्त्यात कुठेतरी पडला. दुकानात गेलात, त्याने हाताला लागला तो अडीच सुती बोल्ट दिला. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. फरक किती? केसाइतका. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. पण गाडीच्या बोल्टच्या एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर असतं १.२५ मिलिमीटर, आणि इंची बोल्टमध्ये इंचाला १८ आटे, म्हणजे ते अंतर होतं साधारण १.४१. बोल्ट दोन-तीन फेरे मजेत आत जातो. मग अडतो. आपल्याला वाटतं घट्ट बसला. पाना लावून जोर केला की तो आतले आटे कापत पुढे जातो आणि कायमचा रुततो.

म्हणजे न सुटणारा बोल्ट कित्येकदा ज्या दिवशी बसवला, त्याच दिवशी बिघडलेला असतो.

हे इंचाला १८ आटे कुणी ठरवले? इथे आपला मँचेस्टरचा माणूस येतो.

प्रत्येक नटाचा एकच बोल्ट

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपापले आटे आपल्या मनाने पाडायचा. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसणं शक्यच नव्हतं. एकाच कारखान्यातसुद्धा यंत्र खोलताना कुठला नट कुठल्या बोल्टचा, याची खूण करून ठेवावी लागे. जोडी फुटली की नवा नट पुन्हा हाताने बनवायचा.

लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले नावाच्या कारागिराने १८०० च्या आसपास आटे पाडणारं अचूक लेथ यंत्र उभं केलं. आज गावोगावी लेथवाले दिसतात, त्यांच्या धंद्यातला हा मूळपुरुष म्हणा. त्यामुळे एकसारखे आटे पुन्हा पुन्हा पाडता येऊ लागले. मॉडस्लेकडे काम शिकलेला एक तरुण होता, जोसेफ व्हिटवर्थ. त्याने १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचं वर्कशॉप काढलं. त्याने केलं काय? वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले, त्यांची सरासरी काढली, आणि १८४१ मध्ये इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एक तक्ता मांडला. एवढ्या जाडीचा बोल्ट असेल तर इंचाला एवढे आटे. आट्याचा कोन ५५ अंश. बस्स. सगळ्यांनी हेच वापरायचं.

मला या माणसाचं कौतुक यासाठी वाटतं की त्याने नवीन काही शोधलं नव्हतं. बोल्ट होते, आटे होते, लेथ होता. त्याने लोकांना एका मापावर आणलं, आणि हे काम यंत्र बनवण्यापेक्षा अवघड असतं.

त्याचा उपयोग लवकरच दिसला. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात ब्रिटिश नौदलाला छोट्या तोफनौकांसाठी घाईने नव्वदेक इंजिनं हवी होती. जॉन पेन या कारखानदाराने सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत वाटून दिले आणि आपल्याकडे जोडले. नट-बोल्ट एका मापाचे होते म्हणून हे जमलं.

मँचेस्टर ते खामगाव

आता मँचेस्टर हे नाव आपल्या वऱ्हाडाला अनोळखी नाही. कापूस! वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळ, मलकापूर, नांदुरा, जळंब, शेगाव करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगाव तेव्हा कापसाची मोठी बाजारपेठ, पण मुख्य मार्गापासून बाजूला पडलेलं. म्हणून जळंबहून खामगावपर्यंत साधारण १३ किलोमीटरचा फाटा टाकला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! कापसाची किंमत यावरून समजून घ्या.

गाडीने कापसाच्या गाठी गेल्या आणि उलट दिशेने यंत्रं आली. वाफेची इंजिनं, सरकी काढायचे रेचे, गाठी दाबायचे प्रेस. भारतात येणारी अशी बरीच यंत्रं मँचेस्टर-ओल्डहॅम भागातच बनायची. यंत्र आलं की त्याचे बोल्ट आले, आणि बोल्ट आले की ते खोलायचे पाने आले. जिनिंगमधल्या यंत्राचा बोल्ट तुटला तर दुसरा त्याच मापाचा हवा. त्यामुळे व्हिटवर्थचा तक्ता न वाचताच इथल्या फिटरच्या हातात बसला. इंच आला आणि आपल्या सुतात मोडून राहिला. त्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना आपण म्हणायला लागलो मिस्त्री. हा शब्द पोर्तुगीज मेस्त्रे या शब्दावरून आलाय, म्हणजे उस्ताद.

आणि शब्दांचं निघालंच आहे तर एक सांगतो. पेच हा शब्द फारसीतला, अर्थ पीळ, वळण. स्क्रूला पेच, तो फिरवायला पेचकस. पण आपण कुस्तीतही पेच टाकतो, पतंगाचा पेच लढवतो, आणि अडचणीत सापडलो की म्हणतो पेच पडला. गोल झालेल्या बोल्टसमोर बसलेल्या माणसाला यातला शेवटचा अर्थ नीट कळतो.

पंचावन्न की साठ?

व्हिटवर्थने सगळ्यांना एका मापावर आणलं खरं, पण सगळे म्हणजे ब्रिटिश साम्राज्य. अमेरिकेत १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने सांगितलं, ५५ अंशाचा गोलसर आटा पाडायला कटकट आहे, आपण ६० अंश घेऊ, टोक सपाट ठेवू. तिकडे तेच चाललं. युरोपात मीटर-मिलिमीटरवाले देश १८९८ मध्ये झुरिकला जमले आणि मिलिमीटरचा आटा ठरवला. तोही ६० अंशाचा.

म्हणजे जगात तीन मोठ्या भाषा झाल्या. शांततेच्या काळात हे खपून गेलं. दुसऱ्या महायुद्धात अंगाशी आलं. ब्रिटन आणि अमेरिका एका बाजूने लढत होते, पण ब्रिटिश अर्धा इंची बोल्टला इंचाला १२ आटे आणि अमेरिकन बोल्टला १३. नट बसायचाच नाही. रोल्स-रॉइसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतलं, तेव्हा त्यांना ब्रिटिश आटे पाडायची हत्यारं स्वतः बनवावी लागली. शेवटी १८ नोव्हेंबर १९४८ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका सामायिक आट्यावर सह्या केल्या. आट्यावर करार!

त्याच सुमारास, १९४७ मध्ये, आयएसओ ही जागतिक मानक संस्था सुरू झाली. आज तुम्ही आयएसओ प्रमाणपत्राचे फलक शाळांपासून दवाखान्यांपर्यंत बघता. या संस्थेच्या शेकडो तांत्रिक समित्या आहेत. त्यातल्या समिती क्रमांक एकचा विषय काय, सांगा बघू? स्क्रूचे आटे.

आपल्याकडे भारतीय मानक संस्था जानेवारी १९४७ मध्येच, स्वातंत्र्याच्या आधी सात महिने, स्थापन झाली. १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो-मीटर टप्प्याटप्प्याने लागू झालं. आणे गेले, शेर गेले. पण लोखंडाचं तसं होत नाही. नाणं बँकेत जमा करून बदलून घेता येतं. चालू असलेलं यंत्र, त्याच्या छिद्रात पाडलेला आटा आणि मिस्त्रीच्या पेटीतला पाना असा एका तारखेला बदलत नाही. म्हणून सूत राहिलं आणि मिलिमीटरही आला. दोघांचा संसार अजून एकाच दुकानात चाललाय.

एका गॅरेजमध्ये चार देश

आता मोटरसायकलकडे येऊ. १९५५ मध्ये मद्रासला रॉयल एनफिल्डची बुलेट जोडायला सुरुवात झाली. गाडी इंग्रजी, म्हणून बोल्टही इंग्रजी, आणि तेही एका जातीचे नाहीत. थोडे व्हिटवर्थ, थोडे बारीक आट्यांचे, आणि थोडे सायकलच्या कारखान्यांतून आलेले इंचाला २६ आट्यांचे.

या जुन्या ब्रिटिश पान्यांची एक खोड आहे. पान्यावर पाव इंच असं कोरलेलं असतं, पण पान्याचं तोंड मोजलं तर ते पाव इंच भरत नाही. कोरलेला आकडा बोल्टच्या दांड्याचा असतो. पाव इंच व्हिटवर्थच्या पान्याचं तोंड असतं साधारण १३.३ मिलिमीटर. म्हणजे त्या नटाला आपला तेराचा पाना बसत नाही आणि चौदाचा ढिला होतो. घाईत असलेला माणूस काय करणार? चौदाचा लावणार. सहा कोपऱ्यांवर नीट बसणारा जोर दोन टोकांवर येतो आणि कोपरे सोलून निघतात. जुन्या बुलेटचे गोल झालेले नट बघितलेत ना? ते अशा पाऊण मिलिमीटरने गोल झालेत.

साठच्या दशकात म्हैसूरला जावा आली, ती चेकोस्लोव्हाकियाची. एस्कॉर्ट्सची राजदूत आली, तिचं मूळ पोलंडचं. या गाड्या मिलिमीटरच्या. मग ऐंशीच्या दशकात जपान आला. १९८४-८५ च्या दोन वर्षांत टीव्हीएस-सुझुकी, हिरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १०० रस्त्यावर उतरल्या. १९८५ मध्येच आपल्या शेजारी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि कावासाकीच्या सहकार्याने मोटरसायकली बनू लागल्या.

जपान आणि युरोप दोघंही मिलिमीटरवाले, मग भांडण मिटलं असेल ना? नाही. ८ मिलिमीटरच्या बोल्टचे आटे दोघांचे सारखे, पण डोकं वेगळं. जपानी पद्धतीत त्या बोल्टला बाराचा पाना लागतो, युरोपीय पद्धतीत तेराचा. आणि आपल्या बाजारातला साधा ८ मिलिमीटरचा बोल्टही तेराचाच. म्हणजे तुमच्या गाडीच्या एकाच झाकणावर कंपनीचे तीन बोल्ट बाराचे आणि मागाहून बदललेला एक बोल्ट तेराचा असू शकतो. पुढचा माणूस तेराची गोटी घेऊन चारही खोलायला बसला की तीन बोल्ट गोल होतात.

फुलीच्या स्क्रूची कथा तर याहून भारी. आपण ज्याला फिलिप्स म्हणतो, तो अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाने १९३० च्या दशकात मोटारींच्या कारखान्यांत आला. त्या काळातल्या जपानी मोटरसायकलींच्या इंजिनच्या झाकणांना, कार्बोरेटरला जो फुलीचा स्क्रू असतो, तो दिसायला तसाच. पण तो जपानी मानकाचा. फिलिप्सच्या पेचकसाचं टोक जास्त निमुळतं असतं, ते जपानी खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की वर चढतं आणि खाच खरवडून टाकतं. अशा कित्येक जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. पुढच्या वेळी बघा. तो ठिपका सांगतोय, मी फिलिप्स नाही.

मग काढायचा कसा?

आमच्याकडचे मिस्त्री शिकाऊ पोरावर ओरडतात ते साधारण असं : "जोर कायले लावतं? आधी पाह्य, बोल्ट कोणाचा हाय!" आता तुम्हाला या वाक्याचा पूर्ण अर्थ कळेल. हा माझ्या मते न सुटणारा बोल्ट सोडवायचा पहिला नियम आहे. आता क्रमाने सांगतो.

एक. तारेच्या ब्रशने माती, गंज साफ करा. माप घ्या. बारा, तेरा, चौदा, की इंची? बारा कोनी गोटीपेक्षा सहा कोनी गोटी लावा, ती कोपऱ्यांवर नाही तर बाजूंवर पकडते. आणि दिशा तपासा. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. काही यामाहा गाड्यांच्या उजव्या आरशाचेही उलटेच असतात. सोडवतोय समजून आवळत बसाल.

दोन. तेल आणि वेळ. गंज सोडवायचं तेल मारा, नाहीतर डिझेल. आणि रात्रभर थांबा. हा थांबायचा भाग सगळ्यांना नकोसा वाटतो. ते निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० माहितीये ना? १९५३ मध्ये अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर पाणी टिकू नये म्हणून बनवलेलं द्रावण आहे ते. चाळिसावा प्रयत्न जमला, म्हणून नावात ४०. ते बनवणाऱ्यांनी चाळीस वेळा धीर धरला, आपण एक रात्र धरू.

तीन. बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, बेताचे ठोके द्या. धक्क्याने आट्यांतला गंज तडकतो आणि तेल आत शिरतं. मग आधी किंचित आवळून बघा आणि नंतर सोडवा. फुलीचा स्क्रू असेल तर हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. तो एकाच फटक्यात टोक खाचेत दाबतो आणि फिरवतोही.

चार. उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून बोल्ट तापवायचा नाही, त्याच्या भोवतालचं झाकण तापवायचं. छिद्र मोठं होतं आणि पकड सुटते. पण आधी टाकी, पेट्रोलची नळी, बॅटरी बाजूला काढा, फवारलेलं तेल पुसून घ्या, वाऱ्याशी मोकळी जागा बघा. ज्योतीपेक्षा गरम हवेची गन बरी. जवळ रबरी सील असेल तर हे काम मिस्त्रीवर सोडा.

पाच. डोकं आधीच गोल झालं असेल तर? इथे इतिहास आपल्या मदतीला येतो. तेराचा नट झिजून बारा-तेराच्या मधला झाला असेल, तर अर्ध्या इंचाची गोटी ठोकून बसवा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, ती झिजलेल्या डोक्यावर घट्ट बसते. ज्या दोन मापांच्या गोंधळाने नट बिघडला, त्यातलंच दुसरं माप त्याला सोडवतं! तेही जमलं नाही तर वेल्डरकडून बोल्टच्या डोक्यावर एक नवा नट वेल्ड करून घ्या. पकडायला ताजे कोपरे मिळतात आणि वेल्डिंगची उष्णता बोल्टला आतूनच हलवते. वेल्डिंगच्या आधी बॅटरी मात्र काढाच.

सहा. बोल्ट आतच तुटला तर बरोबर मध्यावर पंच मारून छिद्र पाडायचं, जमलं तर उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने. कधी कधी तुकडा त्या फिरण्यानेच बाहेर येतो. नाही आला तर उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर. पण जपून. ते हत्यार कडक पोलादाचं असतं, आत मोडलं तर साधं ड्रिल त्याला चालत नाही. इथे हात थरथरत असेल तर थांबा आणि लेथवाल्याकडे जा. यात कमीपणा काही नाही. आटे गेलेच असतील तर छिद्र वाढवून, नवे आटे पाडून त्यात तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवतात, हेलिकॉइल म्हणतात तिला. मूळच्या मापाचा बोल्ट पुन्हा बसतो आणि चेंबर वाचतं.

डोळ्यांवर चष्मा या सगळ्यात सुरुवातीपासून हवा. छिन्नीचा कण डोळ्यात गेला तर पेरणीचे दोन दिवस वाचवून काय उपयोग?

जाता जाता

हा भाग मला का करावासा वाटला, ते सांगतो. आपल्या गावच्या गॅरेजमधल्या माणसाकडे बघायची आपली एक सवय आहे. काळे हात, हातोडी, "ठोकून बसवतो" अशी चेष्टा. पण पन्नाशीतला एखादा मिस्त्री बोल्ट चिमटीत धरून, नखाने आटे चाचपून सांगतो, हा इंची, हा बाराचा, हा बाजारचा. त्याच्या त्या नखात मँचेस्टर, झुरिक, टोकियो आणि खामगावचं जिनिंग सगळं साठलेलं असतं. त्याच्याकडे तक्ता नसतो. तो हे कुणाकडून तरी हातानेच शिकलेला असतो. आता नव्या गाड्या येतायत, सुटा भाग खोलण्यापेक्षा पूर्ण बदलायची पद्धत वाढतेय आणि शिकाऊ पोरं कमी होतायत. ज्या दिवशी शेतावर निघालेल्या माणसाचा बोल्ट राजूर घाटात अडेल, त्या दिवशी पूर्ण भाग बदलून द्यायला तिथे कुणी नसेल.

म्हणून एक छोटं काम सांगतो. गाडीचं काम करायला जाल तेव्हा पाच मिनिटं मोबाइल खिशात ठेवा आणि मिस्त्रीला विचारा, काका, हा बोल्ट कुठल्या मापाचा? कसं ओळखलं? बहुतेक जण खुशीने सांगतात, कारण त्यांना हे सहसा कुणी विचारत नाही. मग तोच मोबाइल बाहेर काढून, त्यांना विचारून, ते रेकॉर्ड करून ठेवा. आणि बोल्ट परत बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावायला सांगा. सुरुवातीचे फेरे पान्याने नको, बोटांनी द्या. बोटांनी जात नसेल तर तो बोल्ट तिथला नाही.

पुढच्या भागात पुन्हा भेटू, अशाच एखाद्या रोजच्या वस्तूचा इतिहास घेऊन. तोपर्यंत गाडी सांभाळून चालवा.